दहा सेकंद

कडी आधी बोटाला चावते.

रिकाम्या सभागृहात सगळ्यांच्या पुढे येऊन पोचलेली लीला बेणारे दुखरं बोट तोंडात धरते, कळ ओसरू देते, आणि बरोबर आलेल्या भाबड्या सामंताशी बोलत सुटते. शाळेविषयी, वर्गातल्या मुलांविषयी, कधी उशीर न करता गाठलेल्या पहिल्या तासाविषयी. बोलता बोलता ती गुणगुणते, नकला करते, हसते, जणू इतकी मोकळी हवा तिला फार दिवसांनी मिळाली आहे. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ वाचताना मी या सुरुवातीपाशी पुष्कळदा थांबते. पुढचं ठाऊक असतं, म्हणूनच थांबते. थोड्या वेळानं हीच कडी ती घाईघाईनं सरकवणार आहे आणि दार बाहेरून लागलेलं निघणार आहे. बोटाला झालेली ती इवली जखम म्हणजे दारानं आधीच दिलेली सूचना होती.

हसणाऱ्या बाईला ती ऐकू आली नाही.

१९६७च्या डिसेंबरात, राज्य नाट्य स्पर्धेसाठी, ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेनं हे नाटक मुंबईत पहिल्यांदा उभं केलं तेव्हा ते बोट सुलभा देशपांडे यांचं होतं. लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं. सुलभाताई तेव्हा तिशीतल्या. दादरच्या छबिलदास शाळेत त्यांनी शिकवलेलं होतं, मुलांसाठी नाटकं बसवलेली होती. म्हणजे बेणारेच्या हाताला जो खडू लागलेला आहे तो त्यांच्याही बोटांना ठाऊक होता. नटाला भूमिका शोधायला कुठे कुठे जावं लागतं. इथे भूमिकाच पत्ता शोधत घरी आली होती.

शाळेत शिकवलेल्या माणसाच्या आवाजाला वेगळा पोत येतो. तो ओरडत नाही, तरी शेवटच्या बाकापर्यंत जातो. तो खडूच्या धुळीनं जरा कोरडा झालेला असतो, दिवसातून अनेकदा तेच समजावून सांगताना कडांशी झिजलेला असतो, आणि मुख्य म्हणजे त्या आवाजाला कान असतात. समोरच्या भरल्या वर्गातलं कुठलं गप्पपण समजल्याचं, कुठलं कंटाळ्याचं, कुठलं भीतीचं, हे बोलता बोलताच ओळखावं लागतं. खिडकीबाहेर टक लावून बसलेला मुलगा पावसाकडे पाहतो आहे की काल रात्री घरात झालेल्या भांडणाकडे, हे एका नजरेत ताडावं लागतं. सुलभाताईंच्या अभिनयाचं मूळ मला या ऐकण्यात दिसतं. वाक्य उत्तम म्हणणारे नट पुष्कळ असतात. समोरच्याचं वाक्य आपल्या अंगात मुरू देणारे फार थोडे.

मी त्यांची बेणारे रंगमंचावर पाहिलेली नाही. माझ्या जन्माआधीचे ते प्रयोग. पाहिलेल्या माणसांच्या डोळ्यांत ती मी पाहिली, आणि सत्यदेव दुबे यांनी १९७१ साली केलेल्या चित्रपटात पाहिली, जिथे कॅमेरा इतका जवळ जातो की चेहऱ्यावरून एखादा विचार निघून गेल्याची सावलीसुद्धा दिसते.

पार्ल्याला अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला निघालेल्या हौशी मंडळींच्या गप्पा तेंडुलकरांनी लोकलमध्ये ऐकल्या आणि त्यातून हे नाटक सुचलं. मला त्या डब्याची फार ओढ वाटते. डोक्यावर डुलणाऱ्या कड्या, खिडकीतून आत येणारा घामट वारा, आणि उत्साहानं भरलेली ती चांगली माणसं, जी संध्याकाळी न्यायाधीश होणार आहेत, वकील होणार आहेत, साक्षीदार होणार आहेत. कुणाच्या पिशवीत झगा असेल, कुणाच्या पिशवीत डबा. इतक्या साध्या, ओळखीच्या, शेजारपाजारच्या माणसांतून तेंडुलकरांना तो कळप दिसला. नाटकातही खटला खेळ म्हणूनच सुरू होतो. कानकोरणं फिरवत बसलेले काशीकर, वकिली न चाललेले सुखात्मे, मधे मधे दबकणारा रोकडे. वेळ घालवायला एक आरोपी हवा असतो. बेणारे आहेच समोर.

आणि इथे सुलभाताईंच्या चेहऱ्यावर जे घडतं ते शब्दांत धरणं कठीण आहे. हसू एकदम जात नाही. ते आधी डोळ्यांतून जातं आणि ओठांवर राहतं. मग ओठांवरूनही जातं, पण गालांना ते अजून कळलेलं नसतं. मग एक क्षण असा येतो की सगळा चेहरा तिथेच आहे आणि बाई मात्र आत कुठेतरी, पार आतल्या खोलीत निघून गेली आहे, दार ओढून घेतलं आहे, आणि बाहेर सुखात्म्यांचा आवाज, काशीकरांचा आवाज, पोंक्षे सांगतोय, कर्णिक सांगतोय, एकेकाच्या तोंडून तिचंच आयुष्य तिला परक्यासारखं ऐकू येतं आहे. मंडळींतले प्राध्यापक दामले आलेलेच नाहीत. त्यांची खुर्ची रिकामी आहे, आणि त्या रिकाम्या खुर्चीवर कुणी आरोप करत नाही.

ती ऐकते. नुसती ऐकते. इतकं ऐकणं मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे.

शेवटी आरोपीला आपली बाजू मांडायला वेळ मिळतो. दहा सेकंद.

सांगतात की तेंडुलकरांच्या मनातली बेणारे या ठिकाणी काहीच बोलणार नव्हती. इतकं झाल्यावर ती गप्पच राहील, असं त्यांना वाटत होतं. अरविंद देशपांडे यांनी आग्रह धरला, हट्टच धरला, की तिला बोलायला हवं. आणि प्रयोग तोंडावर आलेला असताना ते स्वगत लिहिलं गेलं. या गोष्टीचा मी पुन्हा पुन्हा विचार करते. लेखकाचं चुकत नव्हतं. खऱ्या आयुष्यात अशा खोलीत अडकलेली बाई बोलत नाही. ती पदर सारखा करते, पर्स उचलते आणि आयुष्यभर त्या दिवसाविषयी कुणाला काही सांगत नाही. पण दिग्दर्शकासमोर एक नटी उभी होती, जिच्या गळ्यात काय आहे हे त्याला ठाऊक होतं, कारण ती त्याची बायकोही होती, सकाळचा चहा आणि रात्रीची तालीम यांत तो गळा त्यानं ऐकलेला होता. खऱ्या आयुष्यात जे होत नाही ते होण्यासाठीच तर रात्री दिवे लागतात, माणसं तिकीट काढून अंधारात बसतात.

मग ती बोलते. बाकी सगळे जागच्या जागी थिजतात. आणि त्या दहा सेकंदांच्या पोटातून एक अख्खं आयुष्य बाहेर येऊ लागतं. कोवळ्या वयात मामावर जडलेला जीव, त्याचा पळपुटेपणा, मग पुष्कळ वर्षांनी बुद्धीची पूजा करावी म्हणून ज्यांच्याजवळ गेली त्या दामल्यांनी फक्त शरीर घेतलेलं, त्या शरीराचा राग, त्याच शरीराची माया, कारण आता त्यात आणखी कुणीतरी आहे ज्याला आई हवी आहे, घर हवं आहे, नाव हवं आहे. आणि या सगळ्यातून वाट काढत पुन्हा पुन्हा वर येणारा तिचा वर्ग, ती लहान मुलं, ज्यांच्यासमोर ती कधी खोटं वागली नाही. सुलभाताईंचा आवाज इथे चढत जातो असं म्हणतात. मला तो उतरत गेल्यासारखा वाटतो, एकेक पायरी खाली, विहिरीत उतरल्यासारखा, गार होत, ओला होत, अगदी तळाशी पाण्याला पाय लागेपर्यंत.

वेळ संपतो. थिजलेली माणसं हलू लागतात. त्यांतल्या एकालाही एक शब्द ऐकू आलेला नाही.

ऐकलं ते फक्त आपण. हे नाटक मला इतक्या वर्षांनंतरही सोडत नाही ते यासाठी. न्यायालयानं तिला दहा सेकंद दिले आणि बाकीचा सगळा वेळ रंगभूमीनं दिला, पण त्या बदल्यात अंधारात बसलेल्या प्रत्येकाच्या ओंजळीत तिनं ते ऐकलेलं ठेवून दिलं. आता ते कुठे न्यायचं?

सुलभाताईंनी त्याचं जे केलं ते मला त्यांच्या कुठल्याही पुरस्काराहून मोठं वाटतं. त्यांनी जागा केली.

१९७१ साली अरविंद देशपांडे, सुलभाताई, तेंडुलकर, अरुण काकडे यांनी ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था सुरू केली. आणि १९७४पासून पुढे १९९२पर्यंत तिची नाटकं जिथे झाली ती जागा म्हणजे छबिलदास शाळेचं सभागृह. जिथे कधीकाळी बाई म्हणून हजेरी घेतली त्याच शाळेत त्या नटी म्हणून, संस्थेच्या घरधनीण म्हणून परतल्या. दादर स्टेशनाला लागून असलेली ती गल्ली मला फार आवडते. संध्याकाळी तिथे उकळत्या तेलात वडे पडतात आणि त्यांचा वास घरी निघालेल्या माणसांच्या खांद्यावर हात ठेवतो; पलीकडे झेंडूच्या ओल्या राशी, सोललेल्या मटारांचे ढीग, पुलावरून उतरणारी न संपणारी गर्दी, आणि या सगळ्याच्या वर, शाळेच्या जिन्यानं चढून गेलं की, एक हॉल. मखमली पडदा नाही, दिव्यांची श्रीमंती नाही. नट इतक्या जवळ की त्याच्या कपाळावरचा घाम दिसावा. मध्येच गाडीचा भोंगा वाजे, आणि नाटक त्यालाही सामावून घेई.

तिथे कुणी कुणी बोलून गेलं! अमोल पालेकरांचा ‘जुलूस’ प्रेक्षकांच्या मधूनच निघाला. ‘पाहिजे जातीचे’मध्ये नाना पाटेकर नावाचा तरुण उभा राहिला. ज्यांच्या नाटकाला मोठी नाट्यगृहं तारीख देत नव्हती, ज्यांच्या भाषेला अजून सराव नव्हता, ज्यांना आपल्याला काय म्हणायचं आहे हे म्हणून झाल्यावरच कळणार होतं, त्या सगळ्यांना तो हॉल मिळाला. त्यातली काही नाटकं कच्ची असतील, काही विसरली गेली असतील. त्यानं काही बिघडत नाही. कच्चं बोलायलाही जागा लागते, किंबहुना तीच आधी लागते.

‘चंद्रशाला’ हा ‘आविष्कार’चा मुलांचा विभाग सुलभाताईंनी हातांवर वाढवला. ‘दुर्गा झाली गौरी’ या नृत्यनाट्यात मंचावर मावणार नाहीत इतकी मुलं असत. कुणी झाड, कुणी ढग, कुणी नुसता रांगेतला एक. मला त्या रांगेतल्या शेवटच्या मुलाविषयी वाटत राहतं. त्याच्या चेहऱ्याला रंग लावताना कुणीतरी हनुवटी धरली असेल, भुवई नीट केली असेल, ‘घाबरू नकोस’ म्हटलं असेल. अंधाऱ्या विंगेत उभं राहून उजेडाच्या कडेला पाऊल टाकण्याआधीची ती धडधड ज्याला लहानपणी मिळाली, तो पुढे बँकेत गेला, दुकानात बसला, परदेशी स्थायिक झाला, तरी त्याच्या छातीत एक उजेडाची कड कायमची राहते. अशी किती मुलं या शहरात मोठी होऊन हिंडत असतील.

सिनेमानं सुलभाताईंना बहुतेकदा आई केलं. मोठ्या वयाच्या नटीला पडद्यावर दुसरं काय व्हायला मिळतं, हा राग माझ्या मनात आहेच. पण सुलभाताईंच्या आया एकमेकींना ओळखणारही नाहीत इतक्या वेगळ्या आहेत. श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’मध्ये त्या उषाची आई आहेत. हंसा वाडकरांच्या आत्मकथनावरून बेतलेल्या त्या चित्रपटात स्मिता पाटीलची उषा गाण्याकडे, नाचाकडे, माणसांकडे वेड्यासारखी ओढली जाते, आणि ही आई दाराशी उभी असते, आक्रसलेली, कडवट, आपल्याला जे भोगावं लागलं ते मुलीच्या वाट्याला येऊ नये म्हणून तिचंच आयुष्य कोंडू पाहणारी. तिला वाईट म्हणता येत नाही. तिच्या कपाळावरच्या आठीत भीतीच भीती भरलेली आहे.

आणि ‘बाजार’मधली हज्जन बी! सागर सरहदी यांचा १९८२चा चित्रपट; हैदराबादच्या गल्ल्या, आखातातून पैसा घेऊन आलेला वर, आणि गरीब घरांतल्या कोवळ्या मुली. हज्जन बी त्या मुली दाखवते. दादरच्या शाळेत शिकवलेली मराठी बाई त्या दख्खनी उर्दूत अशी मिसळून गेली आहे की तिथेच तिची नाळ-वार पुरली असावी. बोलणं गोड, अदब पूर्ण, तोंडात अल्लाचं नाव, आणि नजर मात्र मुलीच्या अंगावरून बाजारातल्या मालावरून फिरावी तशी फिरते. मला हे पाहताना शहारा येतो, तो त्या बाईच्या दुष्टपणानं येत नाही. बेणारे झालेल्या डोळ्यांनीच ती दुसऱ्या मुलीकडे पाहते आहे म्हणून येतो. जिनं आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहून ते सगळे आवाज अंगावर घेतले होते, तिलाच ते आवाज आतून ठाऊक होते. कुणाचं तोंड मायेनं, मऊपणानं, ‘तुझ्या भल्यासाठीच’ म्हणत कसं मिटवायचं असतं, हे ती ऐकून ऐकून शिकलेली होती. भूमिकांची यादी लांब असली की आपण नटाला थोर म्हणतो. मला मात्र ही एक उडी पुरते: लीला बेणारेकडून हज्जन बीकडे. एवढं अंतर कापायला माणसाला स्वतःच्या आत फार चालावं लागतं.

‘चौकट राजा’ मी आईच्या शेजारी बसून पाहिला. नंदूची ती आई, मोठ्या झालेल्या आणि तरीही लहानच राहिलेल्या मुलाची. दिलीप प्रभावळकरांचा नंदू निरागस हसतो आणि सारं थिएटर त्याच्याकडे पाहतं, तेव्हा माझी नजर का कोण जाणे तिच्याकडे गेली. ती कामात होती. त्या बाईच्या हातांना कायम काम असतं, आणि कामात असूनही तिच्या पाठीला डोळे असतात. तिच्या रागावण्यात, दटावण्यात, त्याच्या शर्टाची बाही सारखी करण्यात, एक प्रश्न न उच्चारता सतत वाजत राहतो, की माझ्यामागे याचं काय? हा प्रश्न घेऊन झोपणाऱ्या आणि हाच प्रश्न घेऊन उठणाऱ्या कितीतरी आया आपल्या आसपास राहतात, जिन्यात भेटतात, भाजीवाल्याशी घासाघीस करतात. माझ्या आईनं अंधारात माझा हात धरला. का धरला हे तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

१९८७च्या सुरुवातीला अरविंद देशपांडे गेले. त्याच वर्षी सुलभाताईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. या दोन गोष्टी एकाच वर्षाच्या पाटीवर शेजारी शेजारी लिहिलेल्या असाव्यात, यावर मला काही बोलता येत नाही. ज्यानं हट्ट धरून तिच्यासाठी बोलणं मागून घेतलं होतं, तो श्रोता समोरच्या रांगेतून उठून गेला होता. तालमीत वाक्य संपल्यावर एका विशिष्ट दिशेला वळायची सवय झालेली असते मानेला. त्या मानेचं काय झालं असेल? पुढे ‘आविष्कार’नं अरविंद देशपांडे यांच्या नावानं दर जानेवारीत नाट्यमहोत्सव भरवला. शोकाचंही त्यांनी रंगमंचात रूपांतर केलं, आणि तिथेही नव्या लोकांना बोलावलं.

छबिलदास सुटलं तेव्हा संस्था माहीमला गेली. महापालिकेच्या शाळेत. पुन्हा शाळाच.

२०१२च्या ‘इंग्लिश विंग्लिश’मध्ये सुलभाताई शशी गोडबोलेची सासू आहेत. छोटं काम. घरात शशीच्या लाडवांचं कौतुक आहे आणि तिच्या इंग्रजीला हसणं आहे. नवरा हसतो, मुलगी हसते, प्रेमानंच हसतात, आणि प्रेमानं हसलेलं जास्त खोल जातं. त्या घरात ही सासू बसलेली असते. फारसं बोलत नाही. पण तिच्याकडे पाहताना शशीचे खांदे जरा सैल होतात. मी चित्रपटगृहात बसले होते आणि एकाएकी माझ्या डोळ्यांसमोर वर्षं गळून पडली. पंचेचाळीस वर्षांपूर्वी भर सभेत जिला हसण्यावारी नेता नेता उभी चिरली होती, ती आता म्हातारी होऊन त्याच घरातल्या एका कोपऱ्यात बसली आहे, आणि दुसऱ्या एका बाईचं न बोललेलं ऐकते आहे. पुढे श्रीदेवीची शशी परक्या देशात, लग्नाच्या मंडपात, आपल्या मोडक्या इंग्रजीत उठून बोलते, आणि सगळे ऐकतात. खरोखर ऐकतात, कुणी थिजत नाही. तेव्हा पडद्यावर सुलभाताई कुठेच नव्हत्या. मला त्या दिसत होत्या.

४ जून २०१६ला त्या गेल्या.

महाविद्यालयीन स्पर्धांत आजही मुली बेणारेचं स्वगत निवडतात. गुणांसाठी निवडतात, अवघड म्हणून निवडतात, त्यात रडायला मिळतं म्हणूनही निवडतात. अशा एका तालमीला मी मध्यंतरी बसले होते. मुलगी चांगली होती, पाठांतर चोख होतं, आणि ती इतकी भरभर म्हणत होती, जणू खरोखरच दहा सेकंदांत संपवायचं आहे. तिच्या दिग्दर्शकानं घड्याळ लावलं होतं. स्पर्धेला वेळेचं बंधन असतं. तिचं म्हणून झालं तेव्हा मी तिला जवळ बोलावलं आणि सुलभाताईंबद्दल सांगू लागले. शाळेबद्दल, लोकलच्या डब्याबद्दल, एका दिग्दर्शकानं धरलेल्या हट्टाबद्दल. ती उभ्यानं ऐकत होती. मग खाली बसली. मग तिनं दिग्दर्शकाला सांगून ते घड्याळ बंद करायला लावलं आणि म्हणाली, “बाई, पुन्हा करून दाखवू? पहिल्यापासून?”